सुकवलेली फळं घरात वर्षभर टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनुका, बेदाणे, अंजीर, जर्दाळू, खारीक, सफरचंदाच्या चकत्या, सुकं केळं, असं काही घरात एकदम जास्त आणलं किंवा स्वतः सुकवलं की दोन-तीन महिन्यांनी तेच ते प्रश्न पडायला लागतात. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते डब्याबद्दल, पण खरं सांगायचं तर डब्याच्या आधी बघायचं असतं ते आत जाणारं फळ किती सुकलंय आणि नंतर त्या डब्याचं झाकण किती वेळा उघडतंय. या दोन गोष्टी सांभाळल्या की अर्धे प्रश्न पडतच नाहीत. बाकीच्या अर्ध्यांची उत्तरं खाली आहेत.

सुकं फळ नक्की किती महिने टिकतं? एक आकडा सांगा.

एक आकडा सांगता येत नाही कारण सगळं तापमानावर आहे. नीट सुकवलेलं, घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवलेलं फळ १५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण वर्षभर चांगलं राहतं, तेच २७ अंशाला ठेवलं तर सहा महिने. म्हणजे जागा दहा-बारा अंशांनी गरम झाली की आयुष्य निम्म्यावर येतं. ३५ अंशापर्यंत तापणाऱ्या कपाटात सहा महिन्यांचीही अपेक्षा ठेवू नका. फ्रीजरमध्ये वर्ष-दीड वर्ष आरामात जातं. आणि हे आकडे चव, रंग, मऊपणा यांचे आहेत, त्या तारखेनंतर फळ विषारी होतं असं काही नाही.

सुकलेलंच आहे ना, मग खराब कसं होतं?

हा प्रश्न नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. सुक्या फळात पाणी असतंच, बेदाण्यात वजनाच्या साधारण १५ टक्के, घरी सुकवलेल्या बऱ्याचशा फळांत २० टक्क्यांच्या आसपास. पण त्यातलं बरंचसं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं आणि बुरशीला, बॅक्टेरियाला ते सहज वापरता येत नाही, त्यांना मोकळं पाणी लागतं. हे मोकळं पाणी मोजायला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी नावाचा आकडा वापरतात. शुद्ध पाण्याचा आकडा १. खाली येत येत ०.९ च्या आसपास बहुतेक बॅक्टेरिया थांबतात, बरीचशी बुरशी ०.८ पर्यंत तग धरते, काही चिवट बुरशी आणि यीस्ट त्याच्याही खाली जगतात, आणि ०.६ च्या खाली मात्र काहीच वाढत नाही. चांगले सुकलेले बेदाणे याच ०.५ ते ०.६ च्या पट्ट्यात असतात.

आता गंमत अशी की हाच आकडा हवेलाही लागू होतो. फळाची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.५५ असेल तर ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ना पाणी घेतं ना सोडतं. खोलीतली हवा ८० टक्क्यांवर असली की तेच फळ उघड्यावर पाणी ओढायला लागतं आणि बुरशीला चालेल अशा पातळीपर्यंत हळूहळू जातं, आपल्या हाताला ते फक्त "जरा चिकट" लागतं. उलट कोरड्या हवेत उघडं ठेवलं तर वातड होत जातं. म्हणून हवाबंद ठेवायचं, नुसतं झाकून नाही. धूळ, माशा याच्यासाठी ताटली झाकून चालते, ओलाव्यासाठी नाही चालत.

घरी सुकवलंय. पुरेसं सुकलंय हे कसं कळणार?

आधी गार होऊ द्या, गरम असताना प्रत्येक फळ असतं त्यापेक्षा मऊ लागतं आणि फसायला होतं. मग चारपाच तुकडे वेगवेगळ्या ट्रेमधून, जाडे जाडे बघून उचला आणि मधोमध कापा. कापलेल्या जागी ओल चमकता कामा नये, दाबल्यावर पाणी येता कामा नये. तुकडा दुमडून बघा, तो स्वतःलाच चिकटून बसला तर अजून सुकवायचंय. चिवट हवं, वाकायला हवं, पण लिबलिबीत नको. छोटी बेरीसारखी फळं डब्यात हलवली की खुळखुळली पाहिजेत.

घरात वजनकाटा असेल तर याहून पक्की पद्धत आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. सुकवण्याआधी फळाचं वजन करून लिहून ठेवा. द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी असतं, म्हणजे १ किलो द्राक्षात घन भाग २०० ग्रॅम. तुम्हाला शेवटी २० टक्के ओलावा हवा असेल तर हे २०० ग्रॅम म्हणजे तयार वजनाच्या ८० टक्के, मग २०० भागिले ०.८ म्हणजे २५० ग्रॅम. काट्यावर २५० दिसलं की झालं, ३०० दिसलं तर त्या वजनातलं अजून एक तृतीयांश पाणीच आहे, कितीही सुकल्यासारखं दिसू दे. सफरचंदात पाणी साधारण ८५ टक्के, साल-बिया काढून १ किलो चकत्या घेतल्या तर १९० ग्रॅमच्या आसपास थांबायचं. बोटांनी अंदाज घेण्यात माणसामाणसात फरक पडतो, काट्यात पडत नाही.

एक सावधगिरी. लवकर व्हावं म्हणून सुरुवातीलाच डिहायड्रेटर (फळं सुकवायचं विजेचं यंत्र) किंवा ओव्हन खूप तापवलं तर बाहेरून कडक कवच तयार होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं. असं फळ हाताला एकदम सुकं लागतं आणि बरणीत गेल्यावर आठवड्याभरात बुरशी धरतं. ६० अंशाच्या आसपास ठेवा, वेळ लागतो तो लागू द्या.

गार झालं की सरळ बरणीत भरून ठेवून देऊ का?

भरा, पण ठेवून देऊ नका अजून. एकाच घाण्यातले सगळे तुकडे सारखे कधीच सुकत नाहीत, काही जाड, काही ट्रेच्या कोपऱ्यातले. म्हणून पारदर्शक बरणी दोन तृतीयांशच भरायची, झाकण लावायचं आणि ७ ते १० दिवस रोज एकदा हलवायची. या काळात जास्त ओल्या तुकड्यांतलं पाणी कोरड्या तुकड्यांकडे जातं आणि सगळे सारखे होतात. रोज हलवताना काचेच्या आतल्या बाजूला बघायचं, वाफेसारखं धुकं किंवा थेंब दिसले की सगळा माल परत सुकवायला. तुकडे एकमेकांना गठ्ठ्याने चिकटले आणि हलवून सुटत नाहीत तरी तेच. आणि या दिवसांत कुठेही बुरशी दिसली तर मात्र परत सुकवून उपयोग नाही, ती बरणी गेली.

हा आठवडा लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि तोच गाळला जातो, पण माझ्या मते घरी सुकवणाऱ्याने एकच गोष्ट काटेकोर करायची असेल तर ती हीच करावी. काचेवरचे थेंब तुम्हाला महिनाभर आधी सांगतात की पुढे काय होणार आहे.

विकतचं पाकीट तसंच ठेवलं तर?

न फोडलेलं असेल तर लेबलवरच्या तारखेपर्यंत गार अंधाऱ्या जागी खुशाल ठेवा. फोडलं की मात्र त्या पाकिटाला क्लिप लावणं, रबर लावणं, तोंड दुमडून पिन मारणं हे सगळं आठ-पंधरा दिवसांपुरतं आहे, बरणीत काढा. लेबल फाडून बरणीत टाकू नका, तारीख बरणीवर चिकटपट्टीने लिहा. सुटं आणलेलं असेल तर त्याचं वय आपल्याला माहीत नसतं, ते किती दिवस उघडं होतं हेही नाही, त्यामुळे ते आधी काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं (का ते खाली किडीच्या प्रश्नात आहे) आणि आधी संपवायचं.

डबा कुठला चांगला? काच, प्लास्टिक की स्टील?

काच. तिच्यातून ओल जात नाही, वास जात नाही, आत काय चाललंय ते दिसतं आणि अळीला कुरतडता येत नाही. झाकणाला आतून रबराची किंवा मऊ रिंग हवी. पाण्याने एकदा तपासून घ्या, बरणी अर्धी भरून उलटी धरा, थेंब आला तर ते झाकण सुक्या फळासाठी नाही. तपासल्यावर बरणी पूर्ण कोरडी करा हे सांगायची गरज नसावी पण सांगते, रिंगच्या खाचेत पाणी राहतं.

काचेचा एकच तोटा, उजेड आत येतो. उजेडाने रंग आणि जीवनसत्त्व अ चे घटक कमी होतात. मग बरणी बंद कपाटात ठेवा, नाहीतर कागदात गुंडाळा.

जाड कडक प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे डबे चालतात. पातळ पिशव्या एकट्या नकोत, त्यांच्यातून हळूहळू ओलही जाते, शेजारच्या मसाल्यांचा वासही येतो आणि काही अळ्या त्या सरळ भोक पाडून पार करतात. पिशव्या वापरायच्याच तर पिशवीत भरून त्या पिशव्या डब्यात.

स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा असेल तर एक लक्षात ठेवा, गंधकाची धुरी दिलेलं फळ (पिवळंधमक किंवा नारिंगी जर्दाळू हे ओळखीचं उदाहरण) थेट धातूला लागू देऊ नका, आत प्लास्टिकची पिशवी घालून मग ठेवा.

एक मोठी बरणी की छोट्या छोट्या?

छोट्या. नेहमी छोट्या. बरणी उघडली की आतली कोरडी हवा जाते आणि खोलीतली दमट हवा आत येते, झाकण लावल्यावर तिच्यातली ओल फळ ओढून घेतं. दिवसातून दोनदा मूठभर मनुका काढायला पाच किलोची बरणी उघडली तर ती पाच किलो रोज दोनदा दमट हवा खाते, वर ओला हात एखाद्या वेळी जातोच. त्यापेक्षा महिन्याभराचं एकेक बरणीत वेगळं करा, एक रोजची, बाकीच्या बंद. रोजची संपली की पुढची उघडायची. एखादी बिघडली तरी नुकसान एका बरणीचं. भरताना वर फार रिकामी जागा ठेवू नका, दाबून मात्र भरू नका.

कपाट, फ्रीज की फ्रीजर?

तीन-चार महिन्यांत संपणार असेल आणि जागा गार कोरडी असेल तर कपाट पुरतं. गॅसच्या वरचं, ओव्हनच्या शेजारचं किंवा फ्रीजच्या वरचं कपाट नको, तिथे रोज ऊब असते. भिंतीला ओल असेल तर तेही नको.

हवा बराच काळ दमट आणि गरम असेल तर फ्रीज. पण फ्रीजमध्ये हवाबंद डबाच, कारण आतला वास आणि ओल दोन्ही फळाला लागतात.

सहा महिन्यांच्या पुढचा विचार असेल तर सरळ फ्रीजर, उणे १८ अंश. साखर जास्त असल्याने सुकं फळ तिथे बर्फासारखं घट्ट होत नाही, हवं तेवढं सुटं काढता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्रीजरमधून डबा बाहेर काढला की लगेच उघडायचा नाही. गार फळावर खोलीतल्या हवेतलं पाणी धरतं, फळाला घाम फुटल्यासारखा होतो, आणि तसंच झाकण लावून परत ठेवलं की तीच ओल आत राहते. डबा बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, मोठा असेल तर रात्रभर, मगच झाकण काढायचं. किंवा छोट्या पाकिटांत ठेवा म्हणजे एकदा काढलं की ते परत आत जायलाच नको.

बंद डब्यात किडे आले कुठून?

बाहेरून आलेच असं नाही, बऱ्याच वेळा अंडी आधीच फळावर होती. उन्हात उघड्यावर सुकवताना किंवा सुटं विकायला ठेवलेलं असताना किडे अंडी घालतात, ती आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उबेत महिन्या-दोन महिन्यांत अळ्या दिसतात. बंद झाकण अंड्याला थांबवत नाही, ते आतच आहे.

म्हणून साठवायच्या आधी अंडी मारायची. हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशाला किमान ४८ तास. घरातला फ्रीजर दिवसभर उघडबंद होतो आणि जाड पिशवीचा मधला भाग गार व्हायला वेळ लागतो, म्हणून चार दिवस ते आठवडा ठेवला तर जास्त बरं. फ्रीजर नसेल तर ओव्हनमध्ये ट्रेवर एकाच थरात पसरून ७० अंशाला अर्धा तास किंवा ८० अंशाला १५ मिनिटं, मग पूर्ण गार करून भरायचं. ओव्हनने थोडी जीवनसत्त्वं जातात, चवही किंचित शिजल्यासारखी होते, त्यामुळे दोन्ही हाताशी असेल तर फ्रीजर निवडा. फ्रीजच्या वरच्या खणातल्या चार-पाच अंशांनी अंडी मरत नाहीत, फक्त थांबतात.

घरात जास्त दिसणारे दोन किडे आहेत. एक छोटा पतंग, इंडियन मील मॉथ म्हणतात त्याला, पंखांचा मागचा अर्धा भाग तांबूस आणि पुढचा राखाडी, याची अळी फळावर बारीक जाळी विणते. दुसरा साधारण ३ मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा, हा इतका चपटा असतो की फिरकीच्या झाकणाच्या आट्यांमधून आत घुसतो. म्हणूनच झाकणाला रिंग हवी.

जाळी दिसली, अळ्या दिसल्या. निवडून घेतलं तर चालेल?

टाकून द्या. अळ्या काढल्या तरी विष्ठा, कात, जाळी सगळं फळात असतं. फेकताना पिशवी बांधून घराबाहेर, नाहीतर कचऱ्याच्या डब्यातून परत कपाटात. मग कपाट पूर्ण रिकामं करून फटी, कोपरे, फळीचे खालचे भाग, जुन्या लेबलांच्या मागची जागा व्हॅक्यूमने किंवा ब्रशने साफ करा, शेजारचं पीठ, धान्य, सुका मेवा, प्राण्यांचं खाणं पण तपासा कारण ते तिथेही गेलेले असतात. जे चांगलं दिसतंय ते फ्रीजरमध्ये आठवडाभर. फेरोमोनचे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) चिकट सापळे मिळतात, त्यात फक्त नर पतंग अडकतात, त्यामुळे किडे अजून आहेत की गेले हे कळायला ते उपयोगी आहेत, किडे संपवायला नाहीत. तमालपत्र, लवंगा ठेवल्याने वास लागतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. आणि खाण्याच्या कपाटात डांबराच्या गोळ्या कधीच नाही.

अंजिरावर, खजुरावर पांढरं आलंय. बुरशी आहे का?

बऱ्याच वेळा साखर असते. फळातली साखर, मुख्यतः ग्लुकोज, कालांतराने बाहेर येऊन स्फटिक होते, गार जागी जास्तच. अंजीर, प्रून (सुकं आलूबुखार), मनुका, खजूर यांच्यावर हे हमखास दिसतं आणि खायला काही हरकत नाही.

ओळखायचं कसं तर उजेडात धरून बघा, साखर कणीदार आणि चमकदार असते, दाताखाली कचकचते. बुरशी मऊ, लवदार, कापसासारखी, पांढरी सुरू होऊन हिरवट, करडी, काळी होते आणि कुबट वास येतो. शंका असली तर खाऊन बघू नका, एक तुकडा कोमट पाण्यात टाका. साखर विरघळून फळ स्वच्छ होतं, बुरशीचे धागे विरघळत नाहीत. अंजीर बाहेरून ठीक असलं तरी फोडून आत बघायची सवय ठेवा, आतून काळी भुकटी दिसली तर ते गेलं.

चार दाण्यांवरच बुरशी आहे, तेवढे काढून बाकीचे?

नाही. अख्खी बरणी. वाईट वाटतं, माल महाग असतो, कळतं, पण इथे काटकसर नको. दिसते ती बुरशीचा वरचा भाग, तिचे धागे आणि बीजाणू आधीच बाकीच्यांत गेलेले असतात. काही बुरश्या विषारी द्रव्यं तयार करतात, अंजिरात अफ्लाटॉक्सिन आणि मनुकांत ऑक्राटॉक्सिन हे माहीत असलेले धोके आहेत, आणि घरच्या उकळण्याने, भाजण्याने अफ्लाटॉक्सिन नष्ट होत नाही. म्हणजे "शिजवून वापरू" हा मार्ग बंद आहे. धुऊन, उन्हात टाकूनही ते जात नाही. बरणी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, रिंग काढून वेगळी धुवा, कडकडीत वाळवा.

बुरशी नाही, पण आंबूस वास येतोय.

यीस्ट. जास्त साखर आणि थोडी जास्त ओल मिळाली की ते आंबवायला लागतं, पाकीट फुगतं, झाकण उघडताना फुस्स होतं, वास दारूसारखा किंवा व्हिनेगरसारखा. मऊ खजूर, अंजीर आणि प्रून यांच्यात जास्त. टाका.

जर्दाळू, सफरचंद काळपट पडलं. खराब झालं का?

नुसता रंग गडद होणं म्हणजे खराब होणं नाही. साखर आणि प्रथिनांचे घटक यांची हळू चालणारी क्रिया आहे ती, उबेत जोरात चालते, गारव्यात मंदावते. चव जरा कॅरॅमलकडे जाते. वास ठीक, बुरशी नाही, कीड नाही, तर खा. रंग टिकवायचा असेल तर गार जागा आणि अंधार.

गंधक लावलेलं चांगलं की बिनगंधकाचं?

साठवणीच्या बाजूने बघितलं तर सल्फर डायऑक्साइडमुळे रंग टिकतो, क जीवनसत्त्व जास्त राहतं. दुसऱ्या बाजूला ब१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होतं आणि दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, धाप लागते. लेबलवर २२० ते २२८ मधले नंबर दिसले तर ते सल्फाइट. घरात कुणाला दमा असेल तर तपकिरी जर्दाळू घ्या, दिसायला चांगला नसतो पण तो गडद रंग बिनगंधकाचा असतो म्हणून. तो लवकर संपवा किंवा फ्रीजरमध्ये ठेवा.

ऑक्सिजन अ‍ॅब्झॉर्बरची पुडी टाकली तर दहा वर्षं टिकेल असं वाचलं.

इथे थोडं थांबा. ती पुडी म्हणजे लोखंडाची भुकटी, ती गंजताना डब्यातला ऑक्सिजन खाते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे एक लिटरच्या बरणीत फार तर २१० मिलिलिटर. याने रंग टिकतो, कीड गुदमरते, सगळं खरं. पण ही पद्धत कडकडीत सुक्या मालासाठी आहे, ओलावा साधारण १० टक्के किंवा कमी, म्हणजे वाकवल्यावर कट्कन तुटणाऱ्या चकत्या. मऊ मनुका, अंजीर, प्रून यांच्यात ओलावा याच्या दीडपट-दुपटीहून जास्त असतो.

भीती बोट्युलिझमच्या (अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा) जंतूची आहे, त्याला ऑक्सिजन नको असतो, ओल हवी असते आणि आंबटपणा कमी हवा असतो. नीट सुकलेल्या फळात त्याला पुरेशी ओल मिळत नाही, आणि आंबट फळात तो वाढत नाही. पण अंजीर, खजूर, केळं फारशी आंबट नसतात आणि घरी सुकवताना मधला एखादा तुकडा ओला राहिलेला असू शकतो, अशा तुकड्याला ऑक्सिजन नसलेल्या पाकिटात वर्षानुवर्षं उबेत ठेवण्यात काही शहाणपणा नाही. मऊ फळासाठी फ्रीजर आहे, तो वापरा.

आणि सिलिका जेल, ती ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी?

कुरकुरीत चकत्यांसाठी ठीक, खाण्याच्या मालासाठी असलेली पुडीच. मऊ फळात टाकली तर ती फळातलं पाणीच ओढून त्याला वातड करते. सिलिका आणि ऑक्सिजन अ‍ॅब्झॉर्बर एकत्र टाकू नका, लोखंड गंजायला जी थोडी ओल लागते तीच सिलिका खाऊन टाकते. बरणीत तांदूळ टाकून फारसं काही होत नाही.

व्हॅक्यूम सील केलं तर?

फ्रीजरमध्ये ठेवायला उत्तम. मऊ फळ दाबलं जाऊन एक लादी होते म्हणून आधी ट्रेवर पसरून फ्रीजरमध्ये घट्ट करा, मग सील. कडक चकत्यांच्या कडा पिशवीला बारीक भोकं पाडतात, आत कागदात गुंडाळा. कपाटात ठेवायचं असेल तर अ‍ॅब्झॉर्बरबद्दल वर लिहिलं तेच इथेही.

फ्रीज-ड्राय (गोठवून मग निर्वातात सुकवलेली) फळं पण अशीच ठेवायची का?

ती वेगळीच जात. त्यात ओलावा दोन ते चार टक्के, जिभेवर विरघळतात, आणि हवेतली ओल स्पंजासारखी ओढतात. न उघडलेलं, आतून धातूचा थर असलेलं पाकीट कित्येक वर्षं टिकतं, वर अ‍ॅब्झॉर्बरबद्दल वाचलेले मोठे आकडे याच मालाचे असतात. पण एकदा उघडलं की दमट हवेत तासाभरात सादळतं. उघडलेलं लगेच संपवा.

बदाम, अक्रोड आणि मनुका एकत्र एकाच बरणीत?

खायच्या आठवड्याचं एकत्र करा, साठवताना वेगळं. मनुकांत ओल जास्त, अक्रोडात फारच कमी, एका झाकणाखाली ओल मनुकांकडून अक्रोडाकडे जाते, अक्रोड मऊ पडतो आणि मनुका कडक. शिवाय दोघांचं बिघडणंही वेगळं, बिया आणि कवचाची फळं तेलामुळे खवट होतात आणि तो खवटपणा सगळ्या बरणीला लागतो.

आणल्यावर धुऊन ठेवू का?

खायच्या आधी धुवा. साठवायच्या आधी धुतलं तर आपणच ओल आत घातली, परत पूर्ण सुकवायला लागेल.

वातड, कडक झालंय, काय करू?

फेकू नका, वास आणि रूप ठीक असेल तर ते फक्त कोरडं पडलंय. चाळणीत ठेवून चार-पाच मिनिटं वाफ द्या किंवा कोमट पाण्यात भिजवा. भिजवलेलं मात्र आता सुकं फळ राहिलेलं नाही, ते फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचं, परत बरणीत टाकायचं नाही.

लेबलवरची तारीख उलटली.

"या तारखेपर्यंत सर्वोत्तम" असं असेल तर ती क्वालिटीची तारीख. उघडा, वास घ्या, एक फळ फोडून आत बघा, तळाशी भुकटी किंवा जाळी आहे का बघा. सगळं ठीक तर वापरा. तेल लावून सुटे ठेवलेले बेदाणे असतील तर जुने झाल्यावर त्या तेलाचा खवट वास येतो, तो आला तर चव गेली समजा.

किती दिवसांनी बघायचं?

भरल्यावर पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा. झाकण उघडायचं नाही, बाहेरून बघायचं, काचेवर धुकं, तळाशी भुकटी, गठ्ठा, जाळी. बरणी तिरकी केली की फळं सुटी सरकली पाहिजेत. अचानक चिकटून बसली असतील तर त्या बरणीत ओल शिरलीय, ती उघडा, वास आणि बुरशी बघा, ठीक असेल तर ६० अंशाला परत सुकवा, गार करा, नवीन रिंगच्या बरणीत भरा आणि हीच बरणी आधी संपवा.